हसता कशाला?

"दुखतंय ना? मग हसता कशाला?"

आज बुधवारचा बाजार. गंगेवर, म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदाकाठी, मेथीची जुडी उचलायला वाकले आणि उजव्या गुडघ्यातून अशी कळ निघाली! सवयीप्रमाणे हसले. भाजीवाल्या मावशींनी तराजू खाली ठेवून सरळ विचारलं.

मला उत्तरच सुचेना. ऑफिसात, लग्नकार्यात, लिफ्ट बंद असते तेव्हा, सगळीकडे मी असंच हसते. समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. दुखतंय मला, काळजी त्यांची.

मावशी स्वतः पालथ्या क्रेटवर बसलेल्या. मांडी घालता येत नाही म्हणे. दर दोन-तीन गिऱ्हाइकांनंतर उठून उभ्या राहत होत्या. "बसून राहिलं की गुडघा धरतो. मग उठताना देव आठवतो." फिजिओथेरपीवाल्या मॅडमनीही हेच सांगितलं होतं, एका जागी फार वेळ बसू नका. ते मी पैसे देऊन ऐकलं आणि विसरले.

निघताना घाटाच्या पायऱ्या. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा, एवढं मात्र पाठ आहे. (खरं तर उतरणंच जास्त छळतं. तेव्हा गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या ३ पटींहून जास्त भार येतो.) मागे एक कॉलेजचा मुलगा, घाईत. नेहमीसारखी हसून बाजूला होणार होते, पण म्हटलं, "गुडघा दुखतोय रे, हळू चाललेय."

"बरं काकू," म्हणाला आणि माझी पिशवीच घेतली.

मेथी मात्र या गडबडीत मावशींकडेच राहिली. आता पुढच्या बुधवारी.