पैसे उद्या, जेवण आत्ता

प्रॉडक्शनमध्ये दोनचार वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा, सेटवर अचानक मटण बिर्याणी आली की आमच्या पोटात गोळा यायचा. रोजची ती पातळ डाळ, गारढोण चपात्या, बटाट्याची भाजी असली की समजायचं सगळं नॉर्मल आहे. पण बिर्याणी आली, वर गुलाबजाम आले आणि लाइन प्रोड्यूसर, म्हणजे सेटवरचा खर्च सांभाळणारा माणूस, स्वतः वाढायला उभा राहिला की आमचे स्पॉटदादा हळूच कानाशी येऊन म्हणायचे, "ताई, या महिन्याचं पेमेंट विसरा."

त्यामुळे परवा रात्री 'मर्चंट आयव्हरी' ही डॉक्युमेंटरी बघताना मी एकटीच खो खो हसत होते आणि मधेमधे मला सणकून रागपण येत होता. स्टीफन सूसीने केलीये, २०२३ ची. इस्माईल मर्चंट प्रोड्यूसर, जेम्स आयव्हरी डायरेक्टर, दोघांनी मिळून चाळीसेक वर्षांत चाळीसच्या वर फिल्म्स केल्या. ते इंग्लिश बंगले, हिरवळ, चहाचे कप, लेसचे ड्रेस, मनातलं काहीही न बोलणारी माणसं, त्या फिल्म्स. मला कॉलेजात असेपर्यंत वाटायचं की मर्चंट आयव्हरी ही कुठलीतरी जुनी ब्रिटिश कंपनी असणार, हस्तिदंताचा व्यापार करणारी वगैरे. हसू नका. पण खरं सांगायचं तर हे दोघं आणि त्यांची लेखिका, या तिघांत ब्रिटनमध्ये जन्मलेलं एकही नाही. आयव्हरी अमेरिकन, ओरेगॉनमधल्या छोट्या गावात वाढलेला. लेखिका रूथ प्रावर झाबवाला जन्माने जर्मन ज्यू, कोलोनची, १९३९ मध्ये नाझींपासून पळून इंग्लंडला गेलेलं कुटुंब, मग पारशी आर्किटेक्टशी लग्न करून दिल्लीत संसार. आणि इस्माईल? आपला मुंबईचा. झेवियर्सला शिकलेला, कापडाच्या धंद्यातल्या मुसलमान घरातला मुलगा, पोरवयातच नटी निम्मीशी ओळख झाली आणि तिच्याबरोबर स्टुडिओत जायला लागला तेव्हाच डोक्यात सिनेमा शिरला तो शिरलाच.

१९५८ ला न्यूयॉर्कला गेला एमबीए करायला, आणि पोटासाठी युनायटेड नेशन्समध्ये निरोप्याचं काम धरलं. आता निरोप्या म्हणजे कागद इकडून तिकडे पोचवणार ना, तर हा पठ्ठ्या तिथल्या भारतीय प्रतिनिधींना गाठून आपल्या फिल्मसाठी पैसे मागायचा! अशी माणसं मी बघितलीत, त्यांना लाज नावाचा अवयवच नसतो, आणि म्हणूनच फिल्म्स बनतात.

मला सगळ्यात आवडतो तो रूथबाईंचा फोनचा किस्सा. १९६१ मध्ये इस्माईल आणि आयव्हरी दिल्लीत आले, तिच्या 'द हाउसहोल्डर' कादंबरीवर सिनेमा करायचा म्हणून. इस्माईलने फोन लावला तर बाईंनी चक्क स्वतःची सासू असल्याचं नाटक करून त्याला टाळलं. (ही आयडिया मी रिकव्हरीवाल्या फोनसाठी वापरून बघितलीये, चालत नाही.) तो कसला ऐकतोय, पोचलाच. बाई म्हणाल्या मी कधी पटकथा लिहिली नाहीये, तर उत्तर काय, हरकत नाही, मी कधी फीचर फिल्म प्रोड्यूस केली नाहीये आणि जिमने (म्हणजे आयव्हरीने) कधी डायरेक्ट केली नाहीये. झालं. शशी कपूर आणि लीला नायडूला घेऊन फिल्म झाली, कॅमेऱ्याला सत्यजित राय यांचे सुब्रत मित्र, आणि एडिटिंग अडकलं तेव्हा खुद्द रायबाबूंनी बसून ती परत कापून दिली. आणि विकली कशी, तर त्या वेळी हॉलिवूड स्टुडिओंचे भारतात कमावलेले रुपये इथेच अडकलेले असायचे, बाहेर नेता यायचे नाहीत, तर कोलंबियाने त्या अडकलेल्या रुपयांतून ही फिल्म घेतली. ही खरी प्रोड्यूसरकी! पैसा कुठे झोपलाय ते हुंगून काढायचं आणि त्याला उठवायचं.

'शेक्सपिअर वाला'च्या वेळी तर आणखीनच मजा. १९६५ ची फिल्म, पैसे नाहीत म्हणून ब्लॅक अँड व्हाइट. त्यात मधुर जाफरी होती, तिला बर्लिन फिल्म फेस्टिव्हलला बेस्ट ॲक्ट्रेसचं अवॉर्ड मिळालं. आता अमेरिकेत पब्लिसिटी कशी करायची, जाहिरातीला पैसा कुठाय? इस्माईलने न्यूयॉर्क टाइम्सच्या खाण्यावर लिहिणाऱ्या क्रेग क्लेबॉर्नला पटवलं की ही नटी स्वयंपाक काय करते बघा. तो लेख छापून आला आणि फिल्मचं काय व्हायचं ते झालं, पण मधुर जाफरीचं सगळं करिअरच फिरलं, आज अर्धं जग तिला पाककृतींच्या पुस्तकांमुळे ओळखतं. फिल्मच्या फुकट पब्लिसिटीतून निघालेलं हे बायप्रॉडक्ट!

तर मूळ मुद्दा, जेवण. डॉक्युमेंटरीत एमा थॉम्पसन, हेलेना बॉनम कार्टर, ह्यू ग्रँट अशी मोठमोठी मंडळी येऊन इस्माईलबद्दल बोलतात आणि सगळ्यांचा सूर एकच, माणूस भयंकर गोड आणि पैशाला भयंकर चिकट. पेमेंट रखडलं, युनिट चिडलं की हा स्वतः पातेली घेऊन उभा, करी, डाळ, भात, शंभर माणसांचं जेवण आपल्या हाताने, आणि एकदा का पोटात गरम भात गेला की बंड करायला कोण उठणार. सगळे हसत हसत सांगतात. मीपण हसले. पण ते मोठे झालेले लोक आहेत हो, त्यांना आज ते गोड वाटणारच. माझ्या डोळ्यासमोर आमच्या आर्ट डिपार्टमेंटचा तो मुलगा आला जो नालासोपाऱ्याहून पहाटेची लोकल पकडून यायचा आणि कन्व्हेयन्सचे दीडशे रुपये मागायला पण त्याची जीभ रेटायची नाही. त्याने बिर्याणीचा डबा घरी नेला असता तर घरमालकाने भाड्यात धरला असता का? ड्रेस शिवणारे, लायटिंगवाले, ड्रायव्हर, त्यांच्या बाजूने हा किस्सा कसा दिसतो ते मला ऐकायचं होतं. कॉस्च्यूमच्या जेनी बीव्हन बोलतात, छान बोलतात, पण मला अजून खाली जायला हवं होतं. असो. माझी जखम आहे, डॉक्युमेंटरीचा दोष नाही.

आणि दुसरी बाजूही आहेच. अगदी किरकोळ बजेटमध्ये त्यांनी 'अ रूम विथ अ व्ह्यू' केली, तिला तीन ऑस्कर, 'हॉवर्ड्स एंड'ला तीन. रीतसर वेळेवर पैसे देणाऱ्या माणसाने या फिल्म्स केल्याच नसत्या, कारण त्याने बजेटचा कागद बघून पहिल्याच दिवशी हात वर केले असते. हे मला मान्य करायचं नसतं पण करावं लागतं.

आयव्हरी डॉक्युमेंटरीत अगदी मोजकं बोलतो. नव्वदी पार केलेला, सरळ बसलेला, प्रश्न विचारला की आधी थांबतो. तो आणि इस्माईल आयुष्यभराचे जोडीदार होते, एकत्र राहिले, पण इस्माईल असेपर्यंत बाहेर एक अक्षर नाही, कारण मुंबईचं ते घर. संगीतकार रिचर्ड रॉबिन्स आणि इस्माईल यांच्यातल्या जवळिकीबद्दलही लोक मोकळेपणाने बोलतात, आणि मग लक्षात येतं की हे सगळं गुंतागुंतीचं कुटुंब एकमेकांना धरून दशकानुदशकं काम करत होतं, पडद्यावर न बोलणारी माणसं दाखवत आणि स्वतःही न बोलत. १९८७ मध्ये, जेव्हा एड्समुळे सगळीकडे भीती पसरली होती, तेव्हा यांनी 'मॉरिस' केली, दोन पुरुषांचं प्रेम आणि शेवट सुखाचा. घरी काय सांगितलं असेल इस्माईलने?

इस्माईल २००५ मध्ये लंडनला वारला, आणि त्याच्या इच्छेप्रमाणे मुंबईत मरीन लाइन्सच्या बडा कबरस्तानात दफन झाला. मी चर्चगेट लोकलने किती वर्षं तिथून गेले असेन, एकदाही माहीत नव्हतं. ऑस्कर त्याला स्वतःला कधीच मिळालं नाही. आयव्हरीला मिळालं, २०१८ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, दुसऱ्याच कुणाच्या फिल्मच्या पटकथेसाठी.

बघून झाल्यावर रात्री साडेबाराला मी आमच्या त्या जुन्या लाइन प्रोड्यूसरला मेसेज टाकला, दादा माझे १८ हजार राहिलेत, चार वर्षं झाली. सकाळी उत्तर आलं, "अगं तू आहेस कुठे! आज दुपारी घरी ये, सुरमई आणलीये."

गेले. सुरमई एक नंबर होती. पैशाचा विषय सोलकढीपर्यंत निघालाच नाही.