दुसरा फोन

“मूळ ओळखपत्र ऑफिसातच ठेवून घेतात, नियम आहे म्हणे त्यांचा.” आज दुपारी मैत्रीण सहज बोलून गेली आणि मी गप्पच झाले.

तिशी ओलांडलेली बाई आहे. एजन्सीमार्फत एस्कॉर्टचं, म्हणजे पैसे घेऊन गिऱ्हाइकाला सोबत आणि शरीरसंबंध देण्याचं काम करायचं तिनं विचार करून ठरवलंय, त्यावर मला वाद घालायचा नव्हता. पण कागद एकदा त्यांच्या कपाटात गेला की नको असलेलं काम नाकारणं अवघड होतं. दाखव आणि परत घे, एवढंच म्हटलं. आगाऊ ‘नोंदणी फी’ मागितली तर तिथूनच माघारी फिर.

मग ती जे बोलली ते अजून डोक्यातून जात नाहीये. “माझी तासभर चौकशी केली. गिऱ्हाइकाची कोण करतं, असं विचारलं तर हसले.”

हसले!

अनोळखी माणसाकडे एकटीला पाठवायचं, तर त्याचं नाव, नंबर पडताळणं, आधीच्या तक्रारी बघणं हेच तर एजन्सीचं काम. मग कमिशन कशाचं घेतात?

शेवटी आम्ही आमचंच ठरवलं. पत्ता आणि वेळ माझ्याकडे आधीच. पोचली की एक फोन, निघाली की दुसरा. एक साधासा शब्द ठरवलाय, तो बोलण्यात आला की ती अडचणीत आहे असं समजायचं. दुसरा फोन आला नाही तर किती वेळ थांबायचं, कुणाला कळवायचं, तेही लिहून ठेवलंय. जायची-यायची सोय तिची स्वतःची, कंडोमही स्वतःचे.

तिनं अजून होकार कळवलेला नाही. पण जिचा दुसरा फोन घ्यायला कुणीच नसतं, ती काय करत असेल?