वाहनतळावरचा बाजार आणि फॉर्म ४१०-डी

कॅलिफोर्नियातल्या आमच्या मराठी शाळेला निधी हवा होता, म्हणून जुन्या-नव्या वस्तूंचा मोठा बाजार भरवायचं ठरलं. जागा शहराच्या सार्वजनिक वाहनतळाची. इथे अशा बाजाराला स्वॅप मीट म्हणतात आणि गाळ्याचं भाडं घेतलं की राज्याचे स्वॅप मीटचे नियम लागू होतात.

जागेचं प्रकरण खर्चिक, पण सरळ होतं. अर्ज, मांडणीचा आराखडा, अग्निशमन गाडीसाठी मोकळी वाट आणि शहराचंही नाव घातलेला दहा लाख डॉलरचा विमा. हप्त्याचा आकडा ऐकून खजिनदार गप्पच झाले.

खरी दमछाक विक्रीकराने केली. प्रत्येक विक्रेत्याचे कागद तपासायची जबाबदारी कायद्याने बाजार भरवणाऱ्यावर टाकली आहे. माझ्या मते हे कर खात्याचं काम आपल्या गळ्यात आहे, पण वाद घालून उपयोग नाही. विक्रेत्याकडे सेलर्स परमिट, म्हणजे विक्रीकरासाठी राज्याकडून घ्यायचा विक्रीचा परवाना, आहे, किंवा त्याला ते का लागत नाही, हे ४१०-डी फॉर्मवर त्याच्या सहीनिशी लिहून घ्यायचं. घरातलं वापरलेलं सामान वर्षातून एकदोनदा विकणारा परमिटविना चालतो.

आमच्यातल्या एका काकूंनी भारतातून पैठण्या आणल्या होत्या.

"मी कुठे दुकान चालवतेय?"

"पण विकायलाच आणल्यात ना, काकू?"

"बरं, पैसे नाही घेत. साडी देऊन मिक्सर घेतला तर?"

तेही चालत नाही. वस्तूच्या बदल्यात वस्तू हीसुद्धा कायद्याने विक्रीच. शेवटी त्यांनी तात्पुरतं परमिट ऑनलाइन काढलं. ते जास्तीत जास्त ९० दिवसांचं असतं आणि त्याला शुल्क नाही, हे कळल्यावर त्यांचा राग निवळला.

वडापावचा बेत मात्र बदलावा लागला. काउंटीच्या आरोग्य विभागाला घरी केलेली भाजी चालत नाही, त्यामुळे परवाना असलेल्या केटररला बोलावलं. वडे अळणी होते.

बाजाराच्या सकाळी एक ओळखीचे गृहस्थ मोबाइलची नवी कव्हरं गाडीत भरून आले. परमिट नाही, फॉर्म नाही. "अहो, आपलीच माणसं ना?" म्हणाले. मी त्यांना चहा दिला, टेबल दिलं नाही.