पाणमांजर बघायला निघालाय? आधी हे वाचा

परवा रात्री काळम्मावाडी धरणाच्या बॅकवॉटरवरनं परत आलो, गुडघे अजून भरून आलेत, तरी आजच लिहितोय कारण पाणी अजून उतरलं की कोल्हापुरातनं बरीच पोरं तिकडं जाणार आणि आमच्यासारखीच फसणार.

पहिल्याच दिवशी एकानं "शंभर टक्के पाणमांजर दावतो" म्हणून तिघांचे मिळून १८०० रुपये आधीच रोख घेतले. दीड तास ओढ्याच्या कडेनं चालवलं आणि आडव्या पडलेल्या ओंडक्यावरची विष्ठा दाखवून म्हणाला, ही बघा, आत्ताच गेलंय. मी काडीनं फोडून बघितली तर आत करवंदाच्या अन् भेरली माडाच्या बिया गच्च भरलेल्या. अहो, ते उदमांजर! झाडावर चढणारं, रात्री फळं खात हिंडणारं जनावर, त्याचा पाण्याशी काय संबंध. नावं जवळजवळची म्हणून लोक गोंधळतात हे मान्य, पण पैसे घेऊन दाखवणाऱ्याला तरी फरक माहीत पाहिजे. पैसे परत मागितले, दिले नाहीत. माझं स्पष्ट मत, जनावर दाखवायची हमी देणाऱ्याला एक रुपया देऊ नका. जंगलात हमी नसते.

दुसरा दिवस दाजीपूरच्या अभयारण्यात गेला, गवे दिसले, मस्त झालं.

तिसऱ्या दिवशी गावातल्या एका म्हाताऱ्या मासेमारी करणाऱ्या मामांना विचारलं. ते म्हणाले, "पावणं, ते रोज न्हाई दिसत, पर त्येची जागा दावतो." आणि त्या जागेपर्यंतचा जो एक किलोमीटर आहे ना, त्याबद्दल नीट ऐका. धरणाचं पाणी उतरलं की उघडा पडलेला गाळ वरनं भेगाळलेला दिसतो, वाटतं सरळ चालत जावं, पण पापुद्र्याखाली गुडघाभर चिखल आहे, त्यात बुडालेल्या झाडांचे खुंट. मित्राचा पाय एका खुंटाला घासून पोटरी सोलली, माझा बूट आतच राहिला, तो काढायला वीस मिनिटं गेली. मामा एकदाही रुतले नाहीत, कारण ते गाळात उतरलेच नाहीत, वरच्या मुरमाच्या कडेनं गेले. लांब पडतं, पण तेच करा. हातात काठी पाहिजे, चप्पल-सँडल घालून येऊ नका आणि ऊन चढल्यावर त्या पट्ट्यात पाय ठेवू नका. पहाटे पाचला निघून नऊच्या आत बाहेर.

शेवटी पाण्यात घुसलेला एक काळा खडक आला. त्यावर विष्ठेचे थरच्या थर, कारण सगळा कळप ठरलेल्या जागी येऊनच विष्ठा करतो, तीच त्यांची हद्द आणि तोच निरोप. वाळलेली बोटानं दाबली की भुगा, आत नुसते माशाचे खवले, उन्हात अभ्रकासारखे चमकणारे, बारीक काटे आणि खेकड्याच्या कवचाचा एक लालसर तुकडा. वास मासळीबाजाराचा. बाजूच्या ओल्या गाळात पाच बोटांचे ठसे, बोटांमधल्या पडद्याची खूण सुद्धा दिसत होती. एकदा हे बघितलं की उदमांजराशी घोळ होणंच शक्य नाही.

आणि मग दिसले! तीन डोकी, पाण्याच्या वर फक्त नाक-डोळे, एकानं मासा दोन्ही हातांत धरून कचाकच खाल्ला, आवाज आमच्यापर्यंत आला. वळताना चपटी शेपटी दिसली, म्हणजे गुळगुळीत केसांचं मोठं पाणमांजर, ७ ते ११ किलोचं. डोंगरातल्या ओढ्यांत खेकड्यांवर जगणारं लहान नख्यांचं ते वेगळं, पाच किलोच्या आतलं. अर्धा मिनिट असेल, पण त्या अर्ध्या मिनिटासाठी मी तो गाळ परत तुडवीन.

मामांनी जाळ्याचंही सांगितलं. पाणमांजर जाळ्यातला मासा ओढतं, जाळं फाडतं, म्हणून लोक चिडतात, आणि त्यांचा राग खोटा नाही, एक जाळं म्हणजे कितीतरी दिवसांची कमाई. पण त्याच जाळ्यात ते अडकलं की बुडून मरतं, कारण श्वासाला वर यावंच लागतं. शिवाय कुणी सुरुंग लावून नाहीतर ब्लीचिंग टाकून मासे मारले की त्या पट्ट्यातलं सगळं खाणंच संपतं. पाणमांजराच्या या दोन्ही जाती जगात असुरक्षित गणल्या गेल्यात, २०१९ ला त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार सायटीसनं, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या जागतिक करारानं, जवळजवळ बंद केला, कातडीसाठी आणि पाळण्यासाठी पकडतात म्हणून. तेव्हा पाळीव पाणमांजराचे गोड रील कृपा करून पुढं पाठवू नका.

जाणार असाल तर अभयारण्याची हद्द कुठं लागते ते वनखात्याच्या ऑफिसात विचारा आणि परवानगी काढूनच आत जा. दुर्बीण न्या, ड्रोन नको. खडकापासून निदान पन्नास पावलं लांब बसा, विष्ठेला पाय लावू नका. जाळ्यात अडकलेलं दिसलं तर हात घालू नका, चावा वाईट असतो, वनखात्याच्या १९२६ ला फोन लावा. मामांना आम्ही ५०० दिले, त्यांनी मागितले नव्हते.

खडक नेमका कुठं ते मात्र विचारू नका, सांगणार नाही.