प्रमाणपत्रावरचं आडनाव आणि इंग्रजीतली तीन पत्रं

ब्रिटनमधल्या एका संस्थेने दिलेल्या माझ्या प्रमाणपत्रावर आडनावाच्या जागी वडिलांचं नाव छापून आलं होतं. ईमेलवर विचारलं तेव्हा उत्तर आलं की नावातली दुरुस्ती फक्त सही केलेल्या लेखी पत्रावर आणि साक्षांकित प्रतींवर होते, आणि कागद टपालानेच यायला हवेत. नाशिकमध्ये बसून हे काम तीन पत्रांत आणि साधारण दहा आठवड्यांत झालं. मराठी माध्यमातून शिकलेल्या कुणावरही ही वेळ येऊ शकते, म्हणून काय केलं आणि कशामुळे अडलं ते सगळं लिहिते.

आधी चुकीचं मूळ. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव आडनावापासून सुरू होतं. उदाहरणाला ‘पाटील स्नेहल रमेश’ घ्या. ब्रिटनमधला कारकून नावातला शेवटचा शब्द आडनाव समजतो, म्हणजे त्याच्या लेखी हे नाव ‘पाटील स्नेहल’ आणि आडनाव ‘रमेश’. पासपोर्टवर आडनाव आणि दिलेलं नाव अशा दोन वेगळ्या ओळी असतात, तिथे घोळ होत नाही. पण अर्ज भरताना आपण गुणपत्रिका समोर ठेवून एका दमात नाव टाकतो आणि तेच पुढे छापलं जातं. त्यांची पत्रंही मग ‘डिअर मिस्टर रमेश’ अशीच येतात. दुरुस्ती मागताना नुसतं ‘नाव चुकलं आहे’ म्हणून भागत नाही. आमच्याकडे शाळेच्या कागदांवर आडनाव आधी लिहितात, मधलं नाव वडिलांचं असतं, हे एका वाक्यात सांगावं लागतं आणि त्याखाली ‘फॅमिली नेम’ आणि ‘गिव्हन नेम्स’ अशा दोन ओळींत नाव फोडून द्यावं लागतं. माझ्या मते पूर्ण पत्रातला सर्वांत उपयोगी भाग या दोन ओळीच होत्या.

पहिला मसुदा मात्र साफ फसला होता. तो इंग्रजी लिपीत लिहिलेला मराठी अर्ज होता. आपला अर्ज कसा सुरू होतो? ‘वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज करते की, मी वरील पत्त्यावर राहत असून...’ मग शिक्षण, मग अडचण, आणि मागणी पार शेवटी, ‘तरी मेहेरबानांनी’च्या आसपास. मराठीत ही रीत योग्यच आहे. आधी स्वतःची ओळख देणं हा तिथला आदर आहे. इंग्रजी पत्र वाचणाऱ्याला पहिल्याच वाक्यात काम काय ते हवं असतं, कारण त्यावरूनच तो पत्र कुठल्या टेबलावर पाठवायचं ते ठरवतो. म्हणून पहिलं वाक्य असं केलं: ‘आय ॲम रायटिंग टू रिक्वेस्ट अ करेक्शन टू द नेम ऑन माय सर्टिफिकेट’, आणि लगेच पुढे प्रमाणपत्राचा क्रमांक आणि तारीख. दुसऱ्या परिच्छेदात चूक काय आणि कशी झाली. तिसऱ्यात सोबत काय जोडलं आहे. चौथ्यात त्यांनी काय करावं आणि नवं प्रमाणपत्र कुठे पाठवावं. एक पान, चार परिच्छेद. दुसरं पान लागत असेल तर बहुतेक वेळा त्यात आपली तळमळ असते, माहिती नसते.

मसुदा मोठ्याने वाचला की मराठीचे ठसे सापडतात. ‘मी 3 मार्चला अर्ज केला आहे’ हे आपल्याकडे बिनचूक, म्हणून हात आपोआप ‘आय हॅव अप्लाइड ऑन 3 मार्च’ लिहितो. इंग्रजीत ठरावीक तारीख आली की ‘हॅव’ जातं, नुसतं ‘आय अप्लाइड’ राहतं. ‘पाच वर्षांपासून’चं ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ होतं, तिथे ‘फॉर’ हवं. मराठीत ‘द’ आणि ‘अ’ नाहीत, त्यामुळे ते गळतात. प्रत्येक नामापाशी थांबून तपासायचं. आणखी एक चूक प्रमाणपत्राच्या पत्रात हमखास येते, ती म्हणजे ‘आय पास्ट आउट इन 2019’. आपल्याकडे त्याचा अर्थ शिक्षण पूर्ण केलं असा, ब्रिटनमध्ये मात्र चक्कर येऊन पडले असा. तिथे ‘ग्रॅज्युएटेड’ किंवा ‘कम्प्लिटेड द कोर्स’ लिहावं. ‘काइंडली डू द नीडफुल’, ‘युअर गुड सेल्फ’ आणि उत्तर द्या या अर्थाचं ‘रिव्हर्ट’ आपल्या कचेऱ्यांत रोज चालतं, पण तिकडच्या वाचकाला त्यातून नेमकं काय करायचं ते कळत नाही. ‘नीडफुल’च्या जागी ते काम लिहायचं: सुधारित प्रमाणपत्र खालील पत्त्यावर पाठवा.

मायन्याचा नियम साधा आहे आणि तो मोडला तर लगेच दिसतो. माणसाचं नाव माहीत नसेल तर ‘डिअर सर ऑर मॅडम’ आणि शेवटी ‘युअर्स फेथफुली’. नाव माहीत असेल तर ‘डिअर मिस’ किंवा ‘मिस्टर’पुढे फक्त आडनाव, आणि शेवटी ‘युअर्स सिन्सिअरली’. या जोड्या अदलाबदल करायच्या नाहीत. अमेरिकेला लिहाल तर नुसतं ‘सिन्सिअरली’ चालतं आणि मायन्यानंतर स्वल्पविरामाऐवजी अपूर्णविराम येतो. ‘युअर्स’मध्ये अक्षरांच्या डोक्यावरचा स्वल्पविराम कधीच नसतो, आणि त्याच्या पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर लहान. ‘रिस्पेक्टेड सर’ हे आपल्या ‘आदरणीय’चं भाषांतर. भारतात ते कुणाला खटकत नाही, ब्रिटनमध्ये मात्र मायना ‘डिअर’नेच सुरू होतो. इथला ‘डिअर’ म्हणजे प्रिय नव्हे, हे एकदा मनात बसलं की संकोच जातो. स्त्रीचं लग्न झालं आहे की नाही ते ठाऊक नसेल तर ‘मिस’चं दोन अक्षरी रूप, एम आणि एस, वापरावं. सहीखाली छापलेल्या आपल्या नावापुढे आपणही कंसात तेच लिहावं. स्नेहलसारखं नाव स्त्रीचं की पुरुषाचं ते तिकडे कुणाला कळणार नाही.

कागदावरची मांडणी: ए-फोर आकार, चारही बाजूंनी एक इंच समास, अक्षर 11 किंवा 12 आकाराचं, सगळं डावीकडून. वर आपला पत्ता, एक ओळ सोडून तारीख, मग ज्यांना लिहितोय त्यांचं पद आणि पत्ता, मायना, ठळक अक्षरात विषय, मजकूर, समारोप. सहीसाठी चार ओळी मोकळ्या, त्याखाली टाइप केलेलं नाव. आपल्याकडे विषय मायन्याच्या वर येतो, ब्रिटिश पद्धतीत खाली, दोन्ही समजतं. तारखेत महिना शब्दात लिहा. 04/05 हे ब्रिटनमध्ये 4 मे आणि अमेरिकेत 5 एप्रिल. फोन नंबरातलं 0253 मधलं शून्य काढून अधिक 91 आणि मग 253. सही निळ्या शाईने केली, म्हणजे ती छापील प्रत नाही हे दिसतं, आणि पासपोर्टवर आहे तशीच केली.

पत्त्याबद्दल नाशिककरांनी एक गोष्ट आधी तपासावी. जुन्या कागदांवर शहराचं इंग्रजी स्पेलिंग ‘एच’शिवाय असतं, नव्यांवर ‘एच’सकट. पत्र, लिफाफा आणि जोडलेला पत्त्याचा पुरावा यांत एकच रूप ठेवावं, नाहीतर जागा दोन वेगळ्या वाटतात. पिन कोडही आपल्या वाटप कार्यालयाचाच हवा. 15 ऑगस्ट 1972 पासून चालू असलेली ही सहा अंकी रचना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. पहिले तीन अंक जिल्ह्यापर्यंत नेतात, आपल्यासाठी 422, आणि शेवटचे तीन नेमक्या टपाल कार्यालयापर्यंत. नाशिक म्हणजे 422001 असं धरून नाशिक रोडचे लोकही तो लिहितात. त्यांचा 422101, पंचवटीचा 422003. उत्तराचं पाकीट आधी चुकीच्या कार्यालयात जातं, तिथून वळवलं जातं आणि दिवस वाया जातात.

जोडपत्रांत तीन कागद होते. पासपोर्टच्या माहितीच्या पानाची नोटरीने साक्षांकित केलेली प्रत. दहावीच्या गुणपत्रिकेची तशीच प्रत. आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र, इंग्रजीत. मूळ कागद एकही पाठवला नाही, चुकीचं प्रमाणपत्रसुद्धा नाही. त्यांनी मागितल्यावरच पाठवायचं. शाळा सोडल्याचा दाखला मराठीत असेल तर त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं, म्हणून जिथे इंग्रजी कागद चालतो तिथे तोच निवडावा. नोटरीच्या शिक्क्यात नाव आणि नोंदणी क्रमांक वाचता येतो की नाही ते तिथेच, टेबलासमोर उभं राहून बघा. अर्धवट उठलेला शिक्का परत मारून घेता येतो, घरी आल्यावर ती फेरी वाढते. पत्राच्या तळाशी ‘एनक्लोजर्स’ लिहून तिन्ही कागद क्रमाने मांडले आणि प्रत्येक प्रतीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तोच क्रमांक घातला. पाकीट उघडणारा माणूस या यादीवरून कागद मोजतो.

साध्या पत्राला ए-फोर कागदाला दोन घड्या घालून तीन भाग करतात. 297 मिलिमीटर भागिले तीन, म्हणजे 99 चा एक पट्टा, तो 110 बाय 220 च्या लांबट लिफाफ्यात नीट बसतो. आधी खालचा तिसरा भाग वर, मग वरचा त्यावर, कडेला जरा जागा राखून. साक्षांकित प्रतींना मात्र घडी घालू नये, शिक्क्यावरच रेघ पडते. मी ए-फोर मावेल असा मोठा लिफाफा घेतला आणि मागे पुठ्ठा घातला. स्टेपलच्या ऐवजी कागदाची क्लिप, कारण ते लोक सगळं स्कॅन करतात.

लिफाफ्यावर पत्ता मोठ्या इंग्रजी अक्षरांत. पहिल्या ओळीत विभागाचं नाव, मग संस्था, रस्ता, गाव, त्याखाली स्वतंत्र ओळीत पोस्टकोड, आणि सर्वांत खाली देशाचं नाव. आपल्याकडचं मु. पो., ता., जि. तिकडे नाही. ब्रिटिश पोस्टकोडचे दोन भाग असतात, मधे एक जागा मोकळी, आणि दुसऱ्या भागाची सुरुवात नेहमी अंकाने होते, पुढे दोन अक्षरं. ‘ओ’ की शून्य अशी शंका आली तर याच नियमाने सोडवायची. पाठवणाऱ्याचा पत्ता समोरच डाव्या बाजूला खाली, शेवटी ‘इंडिया’सकट. पत्र परत आलं तर त्याच आधारावर येतं.

पाठवायला आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्ट निवडलं. शहरातल्या मुख्य टपाल कार्यालयात गेले, लिफाफा उघडाच नेला, कारण आत फक्त कागद आहेत का हे विचारतात आणि दाखवावं लागू शकतं. आधारची झेरॉक्स आणि घेणाऱ्याचा फोन नंबर सोबत ठेवा. वजनाचा पहिला टप्पा 250 ग्रॅमचा, त्यामुळे पुठ्ठ्याने दर वाढला नाही. देशातल्या साध्या पत्राचं गणित वेगळं आहे, तिथे टप्पा 20 ग्रॅमचा. 80 जीएसएमचा (चौरस मीटरला 80 ग्रॅम) एक ए-फोर कागद जवळपास 5 ग्रॅम, म्हणजे तीन कागद आणि लिफाफा मिळून काटा अगदी कडेवर जातो. तिकिटं कमी पडली तर पत्र बेअरिंग होतं आणि तुटीच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याकडून मागतात. अर्ज करणाऱ्याला ते शोभत नाही; काउंटरवर वजन करूनच तिकीट लावावं. ती तिकिटं ज्या नाशिक रोडच्या प्रेसमध्ये छापतात ती आपल्याच गावात, याचं मला अजूनही अप्रूप आहे. देशांतर्गत रजिस्टर्ड पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, तेव्हा ‘रजिस्टर एडी’ मागायची सवय असलेल्यांनी पोहोच हवी असल्याचं वेगळं सांगावं.

पावती हातात पडली की काउंटर सोडण्याआधी तिच्यावरचं देशाचं नाव आणि पोस्टकोड वाचा. ही पावती उष्णतेवर छापलेली असते, काही महिन्यांत पांढरी पडते, म्हणून तिचा लगेच फोटो काढावा. तिच्यावर 13 चिन्हांचा क्रमांक असतो: दोन अक्षरं, नऊ अंक, शेवटी भारताची दोन अक्षरं. हाच क्रमांक तिकडच्या टपाल खात्याच्या संकेतस्थळावरही चालतो. अकराव्या दिवशी तिथे पोहोचल्याची नोंद दिसली.

त्यानंतर चार आठवडे काहीच आलं नाही. दुसरं पत्र स्मरणपत्र, आणि इथे सूर सांभाळावा लागतो. ‘अजूनही उत्तर नाही’, ‘तातडीने’ असले शब्द टाळले. पहिल्या वाक्यात आधीच्या पत्राची तारीख आणि विषय, दुसऱ्यात पोहोचल्याची तारीख आणि टपालाचा क्रमांक, तिसऱ्यात एकच प्रश्न: आणखी काही कागद हवा आहे का? हा प्रश्न फार कामाचा, कारण त्याचं उत्तर देणं सोपं असतं. सोबत पहिल्या पत्राची प्रत जोडली, पण साक्षांकित प्रती पुन्हा पाठवल्या नाहीत. त्यावर नाव घालून उत्तर आलं: चुकीचं मूळ प्रमाणपत्र परत पाठवा, मग नवं देऊ.

तिसरं पत्र त्या मूळ प्रमाणपत्रासोबतचं. आता उत्तर देणाऱ्या बाईंचं नाव माहीत होतं, म्हणून मायना त्यांच्या आडनावाने आणि शेवटी ‘युअर्स सिन्सिअरली’. संदर्भ क्रमांक त्यांच्या पत्रात होता तसाच, एकही रेघ न बदलता. मजकूर तीन वाक्यांचा: मागितल्याप्रमाणे मूळ प्रमाणपत्र जोडलं आहे, नवं याच पत्त्यावर पाठवावं, लक्ष घातल्याबद्दल आभार. शेवटच्या वाक्यात ‘थँकिंग यू’ असं अर्धवट लोंबकळत न ठेवता ‘थँक यू फॉर युअर हेल्प’ असं पूर्ण लिहिलं. प्रमाणपत्र पाठवण्याआधी दोन्ही बाजूंचं रंगीत स्कॅन करून ठेवलं आणि ते दोन पुठ्ठ्यांच्या मधे, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं. पावसाळ्याचे दिवस होते. नवं आलं तेव्हा नावाचा क्रम, जन्मतारीख आणि प्रमाणपत्राचा क्रमांक जुन्या स्कॅनशी ताडून पाहिला. क्रमांक बदललेला होता, तेव्हा जिथे जिथे जुना दिला होता तिथे नवा कळवला.