अठ्ठावीस मिलिमीटर

पठार ओलांडून पलीकडे जायचं ठरलं, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी बाबा म्हणाले होते, "अगं, स्टेपनी एकदा खाली काढून बघ." मी हौद्याखाली वाकून टॉर्चने पाहिलं, हात घालून हवा मोजली आणि ठीक आहे म्हणाले. पिकअपची स्टेपनी काढणं किचकट असतं. बंपरच्या भोकातून लांब सळई घालायची, वर कुठेतरी अंधारात तिचं टोक बसवायचं आणि फिरवत राहायचं, मग साखळीने चाक हळूहळू खाली येतं. ती जागा कायम चिखलाने बुजलेली असते. एवढी मेहनत करण्याचं मला कारण वाटलं नाही.

पहिला दिवस फार सुंदर गेला. पठारावर रस्ता असा नव्हताच, गवतातून गेलेल्या दोन चाकोऱ्या होत्या आणि मध्ये दांडासारखा उंचवटा. वारा इतका की उघडलेलं दार हातातून सुटत होतं. बाबांनी उभं आयुष्य जड गाड्या चालवल्या. आता ते शेजारच्या सीटवर बसतात आणि गाडी कानाने चालवतात. मी चुकीच्या गिअरमध्ये असले की ते काही बोलत नाहीत, फक्त खिडकीची काच खाली करतात. मग मलाही आवाज ऐकू येतो.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना पठाराच्या कडेवरून नदीपात्राकडे उतरायला लागलो. उतारावर पाटीसारखे पातळ, उभे दगड जमिनीतून वर आले होते. मी फोर एलमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या सगळ्यात हळू टप्प्यात, पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकला पाय न लावता उतरत होते. उजवं मागचं चाक एका दगडाच्या धारेवरून घसरलं आणि फस्स करून हवा गेली. टायरच्या कुशीत, साइडवॉलला, बोटभर लांब चीर पडली होती. नक्षीच्या भागात खिळा घुसला तर दोरी भरून पुढे जाता येतं. साइडवॉल फाटली की त्या टायरचं काम संपलं.

जॅकखाली फळी टाकली, चाकांना दगड लावले, स्टेपनी उतरवली. बाबांनी ती फाटक्या चाकाशेजारी उभी केली आणि दोन्हींवर लांब पाना आडवा ठेवला. पाना एका बाजूला कलला.

तो कललेला पाना माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. गाडी मी जुनी घेतली होती. आधीच्या मालकाने चारही टायर मोठे बसवले होते, २६५/७० आर १६. स्टेपनी मात्र कारखान्यातून आली तीच राहिली होती, २४५/७० आर १६. दोन्हींवर "७०" आणि "१६" लिहिलेलं, म्हणून सहज नजर टाकली तर सारखेच वाटतात. पण पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये, आणि तो ७० म्हणजे त्या रुंदीचे शेकडा सत्तर, ती साइडवॉलची उंची. रुंदी बदलली की उंचीही बदलते. २६५ चे ७० टक्के १८५.५ मिलिमीटर, २४५ चे १७१.५. वरची आणि खालची अशी दोन्ही बाजूंची बेरीज घेतली आणि मधली सोळा इंची रिम, म्हणजे ४०६ मिलिमीटर, मिळवली की मोठं चाक ७७७ मिलिमीटर उंच भरतं आणि लहान ७४९. अठ्ठावीस मिलिमीटरचा फरक. स्टेपनीवर तारखेचे चार आकडे होते, ०९१४, म्हणजे २०१४ सालचा नववा आठवडा. इतकी वर्षं तो टायर हौद्याखाली लटकत होता आणि रस्त्याला एकदाही लागला नव्हता.

बाबा म्हणाले, "हे चाक पुढे लावू. पुढचं काढून मागे आणू."

म्हणजे दोनदा जॅक, दोनदा नट. उजेड जात होता, उतार होता, जमीन भुसभुशीत होती. मी म्हणाले, "बाबा, आत्ता मागेच लावू या, उद्या बघू." त्यांनी वाद घातला नाही. फक्त स्टेपनीची लोखंडी डिस्क आणि आमचे नट जुळतात का ते बोट फिरवून पाहिलं. काही अलॉय चाकांचे नट सपाट बसणारे असतात आणि लोखंडी डिस्कला निमुळते लागतात. चुकीचे नट कितीही आवळले तरी चाक मधोमध बसत नाही. आमचे निमुळते होते. समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळले आणि अंधार पडता पडता नदी गाठली.

वाळूत फोर एच, म्हणजे चारही चाकं जोडणारा नेहमीच्या वेगाचा टप्पा, लावून पात्र ओलांडलं तेव्हा काहीच जाणवलं नाही. त्यामुळेच मी निर्धास्त झाले. वाळू, चिखल, सुटी खडी हे सगळं चाकाला घसरू देतं. चाकांच्या फेऱ्यांत फरक पडला तर जमीन तो फरक सोडवून टाकते.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाऊस होता. खिंडीकडे चढणारा मुरमाचा रस्ता ओला, गुळगुळीत. मी फोर एचमध्येच राहिले. वरच्या टप्प्यात एका वळणापासून डांबरी रस्ता सुरू झाला. चढ उभा आणि रस्ता ओला, म्हणून चारही चाकं जोडलेली बरी असं मला वाटलं. दोन वळणांनंतर स्टिअरिंग जड झालं. गाडी कुणीतरी मागून धरल्यासारखी ओढत होती. वळताना एक टायर कुरकुरला आणि खालून टक् असा आवाज आला. बाबांनी काच खाली केली.

मी थांबून लिव्हर टू एचला, म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांवर, ओढायला गेले. लिव्हर हलेना. क्लच दाबून पुन्हा ओढला, दोन हातांनी ओढला. तो जागचा हलला नाही.

हे का होतं ते बाबांनी नंतर जमिनीवर काडीने काढून दाखवलं. आमच्यासारख्या पिकअपमध्ये फोर एच लावलं की ट्रान्स्फर केस, म्हणजे इंजिनाची ताकद पुढेमागे वाटणारी पेटी, पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे ती ताकद चाकांकडे नेणारे दांडे, एकमेकांना घट्ट बांधून टाकते. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये फरक सोडवणारं डिफरन्शियल मधे नसतं. आता कागदावरचा हिशेब बघा. मोठं चाक एका किलोमीटरमध्ये साधारण ४१० फेऱ्या मारतं, लहान ४२५. मागच्या ॲक्सलवर एक मोठं आणि एक लहान, म्हणजे सरासरी जवळपास ४१७. पुढे मात्र ४१०. चाकाच्या सातआठ फेऱ्यांचा फरक, आणि हौसिंगमधलं, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गिअरपेटीतलं, गुणोत्तर चारास एक धरलं तर शाफ्टला तो तीसेक फेऱ्यांचा पडतो. प्रत्येक किलोमीटरला. दोन्ही शाफ्ट बांधलेले असल्यामुळे त्यांना वेगवेगळं फिरता येत नाही. डांबरावर टायर सहज घसरत नाही. मग तो फरक पिळासारखा शाफ्टमध्ये, जॉइंटमध्ये, गिअरच्या दातांत साठत जातो. दात एकमेकांवर इतके दाबून बसतात की लिव्हर निघत नाही. चारही टायर सारखे असले तरी कोरड्या डांबरावर फोर एच लावून वळलं की हेच होतं. लहानमोठी चाकं असली की सरळ रस्त्यावरही होतं.

"ओढू नकोस," बाबा म्हणाले. "गाडी सरळ मागे घे. हळू."

ते खाली उतरून मागे उभे राहिले. मी स्टिअरिंग सरळ ठेवून पावलापावलाने मागे आले. लिव्हरवर हात नुसता ठेवलेला, जोर न लावता. तीनचार गाडीच्या लांब्या मागे आल्यावर खालून धप्पकन आवाज झाला आणि लिव्हर आपसूक हातात आला. पुढे जाताना बसलेला पीळ मागे येताना सुटतो. तो तसाही सुटला नसता, तर एक चाक जॅकवर उचलून मोकळं करावं लागलं असतं. ओढाताण करत तसंच पुढे गेले असते तर काय तुटलं असतं, याचा विचार मी त्या पावसात केला आणि आजही करते. खिंडीत दुसरं वाहन नव्हतं.

सपाट जागा बघून आम्ही आदल्या संध्याकाळी करायला हवं होतं ते काम केलं. पुढच्या आणि मागच्या उजव्या चाकांची अदलाबदल केली, लहान स्टेपनी पुढे आणि मोठं चाक मागे. टू एचमध्ये पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद जात नाही, ती नुसती लोळत असतात, म्हणून वेगळं चाक तिथे सगळ्यात कमी त्रास देतं. शिवाय आमच्या मागच्या हौसिंगमध्ये लिमिटेड स्लिप डिफरन्शियल आहे, जे एका चाकाला दुसऱ्यापेक्षा फार वेगळं फिरू देत नाही. मागच्या दोन चाकांत कायमचा फरक राहिला तर त्यातल्या क्लच प्लेटा सरळ रस्त्यावरही एकमेकींवर घासत राहतात. साध्या डिफरन्शियलमध्ये प्लेटा नसतात, पण आतले छोटे गिअर, जे एरवी फक्त वळणावर फिरतात, ते अखंड फिरत बसतात. ज्यांच्या गाडीला कायमस्वरूपी फोर बाय फोर आणि मधलं डिफरन्शियल आहे, त्यांचा लिव्हर असा अडकणार नाही. पण तो फरक त्यांच्या मधल्या डिफरन्शियलला सोसावा लागतो, आणि ते लॉक केलं की गोष्ट आमचीच.

उतारभर गाडी किंचित उजवीकडे ओढत होती. डॅशबोर्डवर एबीएसचा, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागला होता, कारण एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त वेगाने फिरतंय हे सेन्सरला दिसत होतं. म्हणून ब्रेक लवकर आणि हलका लावायचा, वेग साठच्या आत. पन्नास किलोमीटरनंतर थांबून नट पुन्हा आवळले. दोन नटांनी पाव फेरी घेतली. ढग खाली राहिले होते, दरीत ऊन पडलं होतं. मी मात्र रस्ताभर लिव्हरकडेच बघत होते.

घरी आल्यावर पाचवा टायर शोधायला वेळ लागला. फक्त माप जुळून भागत नाही हे बाबांनी आधीच सांगितलं होतं. चारही टायरची नक्षी निम्मी झिजलेली, आणि त्यात कोरा टायर आणला तर नक्षीच्या पाच मिलिमीटरने चाक दहा मिलिमीटर उंच होतं. शेवटी त्याच मापाचा, जवळपास तितकाच झिजलेला एक मिळाला. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडाही पाहिला, ११२, म्हणजे एका टायरला १,१२० किलो. आता पाचही टायर आळीपाळीने फिरवत राहायचं ठरलं आहे, म्हणजे स्टेपनीही इतरांबरोबर झिजत जाईल.

अंगणात बाबांनी पाचही चाकांत सारखी हवा भरायला लावली. प्रत्येक टायरवर खडूची एक रेघ ओढली, जमिनीवर एक, आणि चाक एक पूर्ण फेरी लोळवून जिथे रेघ पुन्हा खाली आली तिथे दुसरी खूण केली. चार खुणा एकमेकींना चिकटून पडल्या. पाचवी बोटभरही लांब नव्हती. शेवटी त्यांनी जुनी स्टेपनी लोळवली. तिची खूण चार बोटांहून जास्त अलीकडे पडली.

बाबांनी पायाने ती खूण पुसली नाही. त्यांनी हात झटकले, सळई माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आता हे वर चढव."