तुम्ही विचारलंत म्हणून : पंचनाम्यावर सही का केली नाही

बाजारात, लग्नात, ग्रामसभेत सगळीकडं मला एकच विचारलं जातं : ताई, सरपंच म्हणून तेव्हा सही केली असती तर नदीकाठच्या लोकांचे पैसे दिवाळीआधी खात्यात पडले असते. का नाही केली?

सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीच्या पुरानं परंडा तालुक्यात काय केलं ते तुम्हाला नव्यानं सांगायला नको. पाणी ओसरलं आणि पंचनामे सुरू झाले. काठावरच्या एका रानात तलाठी, कृषी सहायक, मी आणि रानाचे मालक आण्णा उभे होतो. पायाखाली मातीच नव्हती. उघडा मुरूम, त्यावर नदीतले गोटे, विहीर गाळानं बुजलेली. आण्णा हात कमरेला लावून दाखवत होते, इथं एवढी काळी होती. कागदावर मात्र लिहिलेलं : सोयाबीन, जिरायत, नुकसान 33 टक्क्यांहून जास्त. मी म्हटलं, जमीन खरडून गेली तेही लिहा. तलाठी म्हणाला, "ताई, वरून घाई आहे. आधी पिकाचं होऊ द्या, जमिनीचं मागनं बघू." आण्णा माझ्याकडं बघून म्हणाले, "कर सही, पोरी. येतंय ते तर येऊ दे." पेन माझ्या हातात होतं. मी कागद तसाच परत दिला.

पिकाला तेव्हा हेक्टरी 8,500 रुपये, तेही दोनच हेक्टरपर्यंत. डीएपी खताचं एक पोतं 1,350 ला. बियाणं, पेरणी, फवारणी धरा आणि सांगा काय उरतं. खरडलेल्या जमिनीला सरकारी मदतीच्या निकषातच हेक्टरी 47,000 होते, पण पंचनाम्यात नोंद नसेल तर ते कोण देणार?

माझा राग तलाठ्यावर नाही, त्याच्याकडं तीन-तीन गावं. राग याचा आहे की जिरायतीला 13,600 आणि तीन हेक्टरची मर्यादा होती, ती सरकारनं मे 2025 मध्ये खाली आणली. त्याच खरिपात पीक विम्यातून स्थानिक आपत्तीची भरपाई काढली, सगळं पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे काही निवडक रानांतलं पीक कापून मोजायचं आणि त्यावरून सगळ्यांची भरपाई ठरवायची, यावर सोडलं. पाऊस दरसाल जास्त बेभरवशाचा होतोय आणि आधार कमी होतोय. ऑक्टोबरात 31,628 कोटींचं पॅकेज आलं, मदत वाढली, मान्य. पण जमिनीसाठी हेक्टरी तीन लाख रोजगार हमीतून! शेकडो ट्रॉल्या माती मजुरांनी पाट्यांनी वाहायची का?

माती भरायचे पैसे ग्रामपंचायतीतून द्या म्हणता. पंधराव्या वित्त आयोगाचा जो निधी ग्रामपंचायतीला यायचा, त्यातला 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, उरलेल्यातून किती रानं भरली असती?

निवडून आले तेव्हा मीच सांगत फिरायचे, अर्ज नीट केला की काम होतं. ती मी अजून माझ्याशी भांडते : सही करून जमिनीचा वेगळा अर्ज दिला असतास तर? तिला मी आधीच्या अर्जांच्या पोचा दाखवते. ती म्हणते, आण्णांच्या सुनेनं दिवाळीला कानातलं गहाण टाकलं, ते कुठल्या पोचेत आहे? यावर मला बोलता येत नाही. तरी सही करायला हवी होती, असंही म्हणवत नाही.

फेरपंचनाम्यात जमिनीची नोंद झाली. माती भरायचं काम मंजुरीत अडकलंय. सोमवारी मी फाईल घेऊन तहसीलला जातेय. मला विचारता तसं तिथंही विचारायला या.